दगड जमिनीवर कधी पोचेल?

सोलापूर, ता. १२ जून १९२८

सोमलिंग रुद्रप्पा यांना मायाप्पा बिरप्पाचा नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. दहा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. तुमचा जेऊरचा पत्ता सावित्रम्माकडून घेतला. तुम्ही तिथं स्टेशनावर रूळ बदलणारे सांधेवाले आहात आणि तब्येत बरी आहे, एवढंच तिनं सांगितलं. तुमची बहीण मुळातच कमी बोलते, माझ्याशी तर फारच मोजकं.

काम असं आहे. मी पाच वर्षं आपल्याच हायस्कुलात शिक्षक आहे. इतिहास आणि मराठी शिकवत होतो. यंदा विज्ञानाचे गोसावी मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस मिळेना. नव्या हेडमास्तरांनी जुनी रजिस्टरं काढली. त्यांत १९१८ च्या चाचणीतले माझे विज्ञानाचे गुण त्यांना दिसले, पन्नासपैकी सत्तेचाळीस. त्यांनी मॅट्रिकच्या वर्गाचं विज्ञान माझ्याकडे दिलं. मी नको म्हणालो, तो त्यांना विनय वाटला.

रसायनशास्त्र पाठ करून सांगता येतं. गती आणि जोर हे प्रकरण तसं नाही. पुस्तक इंग्रजीत आहे, मुलं मराठीत, कानडीत नाहीतर तेलुगूत विचार करतात. पाठीमागं उत्तरं छापलेली आहेत, पण तिथवर जायचं कसं ते मला सापडत नाही. खालची दोन उदाहरणं मंगळवारपर्यंत फळ्यावर सोडवून दाखवायची आहेत.

एक: आगगाडी उभ्या जागेवरून निघते आणि सारख्या प्रमाणात वेग वाढवत दोन मिनिटांत ताशी तीस मैलांवर येते. तेवढ्या वेळात ती किती अंतर जाईल?

दोन: कप्पीवरून टाकलेल्या दोरीच्या एका टोकाला नऊ पौंड आणि दुसऱ्या टोकाला सात पौंड वजन बांधलं आहे. सोडून दिल्यावर दर सेकंदाला वेग कितीने वाढेल?

शाळेत ही गणितं तुम्हांला बोलता बोलता येत, त्या आठवणीवर लिहितो आहे. सवड नसेल तर उत्तर आलं नाही तरी मी काही मनात आणणार नाही.

मायाप्पा


सोलापूर, ता. २६ जून १९२८

सोमलिंग रुद्रप्पा यांना,

तुमचा कागद सोमवारी मिळाला. त्यावर मायना नव्हता आणि सहीही नव्हती. मालगाडीच्या पावतीच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं दोन उत्तरं होती. "सरासरी ताशी पंधरा. दोन मिनिटं. अर्धा मैल. सूत्र कशाला पाहिजे?" आणि खाली, "दोन पौंडांचा फरक सोळा पौंडांना ओढतोय. बत्तिसाचा आठवा भाग. चार फूट." पुस्तकात दीड पान लागलं आहे. मी ते दीड पान तीनदा वाचलं होतं.

फळ्यावर तुमच्याच पद्धतीनं लिहिलं. वर्ग खूश झाला. तुमचं नाव घेतलं नाही, घ्यायचं कारण पडलं नाही.

कडेला तुम्ही लिहिलं आहे, "सत्तेचाळीसवाल्याला हे यायला हवं." त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आता एक अडचण आली आहे. वर्गात एकच मुलगी आहे, सुंदरम्मा. तिचे वडील विणकरांच्या पेठेत कंपाउंडर आहेत. पहिल्या बाकावर एकटी बसते. काल तिनं विचारलं, "सर, सरळ वर फेकलेला दगड अगदी वर पोचल्यावर क्षणभर थांबतो ना? त्या क्षणाला त्याच्यावर जोर किती असतो?"

मी लगेच म्हणालो, "शून्य. थांबला आहे ना तो."

"मग तो खाली का येतो, सर?"

तास संपल्याची घंटा झाली. मुलांना वाटलं मी घंटेमुळं थांबलो. याचं उत्तर कळवावं.

मायाप्पा


सोलापूर, ता. १४ जुलै १९२८

सोमलिंग,

तुझं पत्र मिळालं. 'तुम्ही' म्हणू नकोस, इथं स्टेशनमास्तरसुद्धा अरे-तुरे करतो, असं तू लिहिलंस, म्हणून बदल केला आहे.

तुझं उत्तर मी वहीत उतरवून ठेवलं. "दगड वर जाऊन थांबला असं तू म्हणतोस, पण त्याला तिथं कुणी धरलेलं नसतं. हातातून सुटल्यापासून खाली पडेपर्यंत जमीन त्याला सारखीच ओढते. वर जातानाही तेवढीच, थांबलेल्या क्षणीही तेवढीच. वेग शून्य झाला म्हणजे जोर शून्य झाला असं होत नाही." हे वाचल्यावर इतकं सरळ वाटलं की मला ते आधी का सुचलं नाही याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगितलं. सांगताना म्हणालो, "त्या दिवशी मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं होतं. तुमच्यापैकी कोण पकडतं ते मला बघायचं होतं." मुलं हसली. सुंदरम्मानं मान खाली घालून वहीत लिहायला सुरुवात केली. तिला ते पटलं नव्हतं. तिनं पुन्हा प्रश्न विचारलेला नाही.

हे तुला का लिहितो आहे ते नीट सांगता येत नाही. उदाहरणं वेगळ्या कागदावर जोडली आहेत, या खेपेला तीन आहेत.

मायाप्पा


सोलापूर, ता. ९ ऑगस्ट १९२८

सोमलिंग,

तीनही उदाहरणं तू न सोडवता परत पाठवलीस. "मुलांपुढं खोटं बोललास, तुझं तू बघ. पण हितून पुढं उत्तर मिळणार न्हाई. तू सोडव. चुकलेलं पाठव, कुटं चुकलं तेवढं सांगीन." ठीक आहे. मला हे आवडलं नाही, पण दुसरा मार्ग नव्हता.

पहिल्या प्रयत्नाचा कागद तू पाहिलाच आहेस. ताशी पंधरा मैल वेगानं चाललेली वॅगन ब्रेक लावल्यावर एकशे दहा फुटांत थांबते, तर दर सेकंदाला तिचा वेग कितीने कमी होतो? मी मैल आणि फूट एकमेकांत गुणून बसलो होतो. तू त्यावर फक्त एक वर्तुळ काढलंस आणि लिहिलंस, "आधी बावीस." पंधरा मैल ताशी म्हणजे सेकंदाला बावीस फूट हे काढायला मला अर्धा तास लागला. त्यानंतर मात्र अडलं नाही. बावीस फुटांवरून शून्यावर, म्हणजे सरासरी अकरा. अकरानं एकशे दहा फूट, म्हणजे दहा सेकंद. दहा सेकंदांत बावीस गेले, म्हणजे सेकंदाला दोन पूर्णांक दोन दशांश.

पाठीमागं पाहिलं तर उत्तर तेच. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तिसाव्या वर्षी एखाद्या माणसाला असं व्हावं हे थोडं विचित्र आहे, पण असं उत्तर मला यापूर्वी कधी आलेलं नव्हतं.

शंटिंगचं तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. सुटी वॅगन इंजिनानं ढकलून सोडली की ती कुठं जाऊन थांबेल हे तू तिच्या चाकांच्या आवाजावरून सांगतोस, भरलेली आणि रिकामी यांचा फरक तुला पायाखालच्या खडीत कळतो. पुस्तकात यातलं काही नाही.

तू विचारलं नाहीस तरी लिहितो. तुझे वडील बरे आहेत. अप्पा रोज सकाळी घोंगड्यांच्या दुकानात येऊन बसतात. मी अजून त्याच दुकानाच्या माळ्यावर राहतो. वेळापूरकडून माझे वडील लोकर घेऊन आले आणि "पोराला शिकायचं हाय, ठेवून घ्या की" म्हणून मला तिथं सोडून गेले, तेव्हापासूनची ती जागा. तू घर सोडून गेलास त्या आठवड्यात मी अप्पांना म्हटलं होतं की मीही दुसरीकडे सोय बघतो. ते म्हणाले, "तू का जातोस? तू काय केलंस?"

मी राहिलो.

मायाप्पा


सोलापूर, ता. १८ सप्टेंबर १९२८

सोमलिंग,

काल मनोऱ्याचं उदाहरण सोडवलं. कोणतं ते तुला सांगायला नको. तरी सगळं लिहितो, कारण या वेळी मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहायचं आहे.

शहाण्णव फूट उंच मनोऱ्याच्या टोकावरून एक दगड सेकंदाला ऐंशी फूट वेगानं सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळानं पोचेल?

जून महिन्यापासून पुस्तकातलं ते पान मी उलटून पुढं जात होतो. काल धडा तिथंच येऊन थांबला. मी वही घेतली आणि न थांबता मांडणी केली. दहा वर्षं झाली तरी ती मला ओळीओळीनं पाठ आहे. शहाण्णव बरोबर ऐंशी गुणिले वेळ, उणे सोळा गुणिले वेळेचा वर्ग. सोळानं भागलं. उत्तर, दोन सेकंद किंवा तीन सेकंद.

पाठीमागं उत्तर होतं सहा.

त्या मांडणीत चूक आहे एवढं मला तेव्हापासून ठाऊक होतं, ती कुठं आहे ते मी कधी शोधलं नव्हतं. मग तू शिकवल्याप्रमाणं सूत्र बाजूला ठेवून दगडाकडे बघायचं ठरवलं. दोन सेकंदांनी त्याचा वेग किती? दर सेकंदाला बत्तीस कमी होतात, ऐंशीतून चौसष्ट गेले, उरले सोळा, आणि तेही वरच्या दिशेनं. म्हणजे दोन सेकंदांनी दगड अजून वरच चालला आहे. मग तो जमिनीवर कसा पोचेल? आणि जमिनीवर दोनदा, एकदा दोन सेकंदांनी आणि एकदा तीन सेकंदांनी, कसा पोचेल? दोन आणि तीन हे तो मनोऱ्याच्या शहाण्णव फूट वर असतानाचे क्षण आहेत. जमीन मनोऱ्याच्या खाली आहे. शहाण्णवच्या आधी उणेचं चिन्ह पाहिजे होतं.

मग सरळ केलं. ऐंशीचा वेग संपायला अडीच सेकंद. तेवढ्यात दगड शंभर फूट वर. तिथून जमीन एकशे शहाण्णव फूट खाली, त्याला साडेतीन सेकंद. एकूण सहा.

आता चाचणीचं लिहितो.

मॅट्रिकला कुणाचा फॉर्म पाठवायचा हे त्या चाचणीवर ठरणार होतं. आपण एका बाकावर होतो. गतीचे चारही प्रश्न मला येत नव्हते. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू कोपर बाजूला घेतलंस. मी चारही प्रश्न उतरवले. तीन बरोबर होते, त्यांचा कुणाला संशय आला नसता. मनोऱ्याच्या प्रश्नात घाईत तुझं चिन्ह राहिलं होतं. माझ्या पेपरातही तीच चूक त्याच ओळीत होती. तेव्हाच्या हेडमास्तरांनी दोन्ही पेपर समोर ठेवून आपल्याला बोलवायचं ठरवलं. ही बातमी चार दिवस आधी फुटली. ते चार दिवस मी तुझी मांडणी पाठ करत होतो.

आधी मला आत घेतलं. फळ्यावर सोडव म्हणाले. मी सोडवलं, जसंच्या तसं, दोन किंवा तीन. पेपराशी ताडून ते म्हणाले, "ठीक." मग तुला बोलावलं. मी दाराबाहेर उभा होतो. खडूचा आवाज आला, मध्येच थांबला, मग तू काहीतरी पुसलंस. आणि तू म्हणालास, "सर, सहा."

ते म्हणाले, "पेपरात दोन-तीन, आणि आता सहा? नवं उत्तर मागाहून कुणालाही विचारता येतं. मला चूक कुणाची आहे ते बघायचंय. ज्याची चूक असते त्याच्या हातून ती पुन्हा तशीच होते."

तू म्हणालास, "मायाप्पाला विचारा."

त्यांनी दार उघडलं. "काय रे, तू याचं बघून लिहिलंस?"

मी म्हणालो, "न्हाय, सर."

एवढंच बोललो. तुझं नाव शाळेतून काढलं, फॉर्म गेला नाही. संध्याकाळी अप्पांनी तुझी पेटी दुकानाच्या पायरीवर आणून ठेवली.

दहा वर्षं मी असं धरून चाललो होतो की तू घाबरलास आणि भलतंच काहीतरी बोललास. त्यामुळं थोडा दोष मी तुझ्याकडेही ठेवला होता, आणि तेवढं माझं हलकं व्हायचं. काल वहीवर सहा आला तेव्हा ते गेलं. तू तिथं उभ्या उभ्या आपली चूक शोधून दुरुस्त केलीस. मी ती पाठ केली. त्या दोघांतून त्यांनी मला निवडलं.

पुढं काय करावं हे तू सांगावंस, असं इथं लिहिणार होतो. मग वाटलं, तेही तुझ्याकडूनच घेतल्यासारखं होईल.

मायाप्पा


सोलापूर, ता. ७ ऑक्टोबर १९२८

सोमलिंग,

तुझं कार्ड आलं. "सहा हे मला त्याच दिवशी माहीत होतं." त्याखाली काही नव्हतं. मी कार्डाची दुसरी बाजूही पाहिली.

मी दोन आठवडे काही केलं नाही. रोज सकाळी माळ्यावरून खाली उतरायचो, अप्पांना नमस्कार करायचो आणि शाळेत जायचो. आज रविवार. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा घोंगडी उलगडून तिची किनार तपासत होते. मी समोर बसलो.

"अप्पा, एक सांगायचं हाय."

"सांग की."

"शाळंतल्या त्या चाचणीत सोमलिंगनं बघून लिवलं नव्हतं. मी त्याचं बघून लिवलं हुतं."

त्यांनी घोंगडीवरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "दहा वरसं झाली."

"व्हय."

"पर त्यानं हेडमास्तरापुढं उत्तर बदललं. माझ्या तोंडावर सांगितलं हुतं त्यांनी. ज्याचं खरं त्यो बदलत न्हाई, म्हणाले."

"बदललं न्हाई, अप्पा. त्याची चूक हुती ती त्यानं नीट केली."

"मला समजून सांग."

मला वाटलं ते चाचणीची हकीकत विचारतात. ती मी सांगू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. "ते न्हवं. गणित सांग."

मी गणित सांगितलं. फळा नव्हता. घोंगड्यांची चळत होती, तिला मनोरा म्हटलं. लोकरीचा एक गुंडा घेऊन मी तो हातानं वर नेला, वर थांबवला आणि चळतीच्या बाजूनं खाली जमिनीपर्यंत आणला. अप्पा नीट बघत होते. त्यांनी मला तो गुंडा पुन्हा एकदा वर न्यायला लावला.

"दोन सेकंदाला कुटं हाय?"

मी हात चळतीच्या वर धरला. "हितं. अजून वरच चाललाय."

"मग त्यो जमिनीला लागंल कसा?"

"न्हाई लागत."

"ह्ये तर मेंढरं राखणाऱ्यालाबी कळंल."

"व्हय. मला कळलं नव्हतं."

"माझ्या पोराला कळलं."

"व्हय, अप्पा."

"फळ्याम्होरं उभं राहून."

"व्हय."

सावित्रम्मा मागच्या दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "मी तवाच सांगत हुते, अप्पा. तुमी ऐकून घेतलं न्हाई." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "तुला मी दहा वरसं पोरागत ठेवलं. गिऱ्हाइकाला सांगायचो, माझं पोर खोटं निघालं, धनगराचं पोर खरं निघालं." मग रागात त्यांना मराठी सुचेना, हे तुला ठाऊक आहे. "होगु," म्हणाले. जा. एवढं कानडी मलाही समजतं.

मी माळ्यावर जाऊन माझी पेटी आणली. उतरताना ते तिथंच बसलेले होते. गुंडा त्यांच्या हातात होता. सध्या मी शाळेचा शिपाई कोंडीबा याच्या खोलीत आहे. त्यानं का म्हणून विचारलं नाही, चटई टाकून दिली.

उद्या हेडमास्तरांना सांगणार आहे.

मायाप्पा


सोलापूर, ता. ५ नोव्हेंबर १९२८

सोमलिंग,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं असं नाही. हे पत्र वेगळ्या कारणानं लिहितो आहे. ते शेवटी येईल, पण आधी इथलं थोडक्यात कळवतो.

हेडमास्तर भला माणूस आहे. सगळं ऐकून म्हणाले, "अहो, दहा वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? मुलांना तुम्ही आता उत्तम शिकवता. तिमाहीत गतीच्या प्रश्नांत अर्ध्याहून जास्त वर्ग पास आहे. गप्प राहा." मी म्हणालो की मला ते लिहून द्यायचं आहे. लेखी आलं म्हटल्यावर त्यांना ते कमिटीपुढं ठेवावं लागलं. कमिटीनं दोन ठराव केले. तुझ्या नावापुढचा शेरा रद्द करून खरी हकीकत रजिस्टरात नोंदवावी, हा एक. त्याची नक्कल सोबत आहे, जपून ठेव. दिवाळीच्या सुट्टीपासून मला कामावरून मोकळं करावं, हा दुसरा. दोन्ही ठराव मला बरोबर वाटले.

वर्गाला मीच सांगितलं. तुझी-माझी गोष्ट सांगितली, आणि जुलैत मुद्दाम चुकीचं सांगितलं असं म्हणालो होतो तेही खोटं होतं, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कुजबूज झाली. सुंदरम्मा उभी राहिली. मला वाटलं ती दगडाचंच काहीतरी विचारणार. ती म्हणाली, "सर, मग आता आम्हांला हे प्रकरण कोण शिकवणार?" माझी वही तिला दिली आहे. त्यात तुझी आणि माझी, दोघांची उत्तरं आहेत, कोणतं कुणाचं ते प्रत्येकाखाली लिहून ठेवलं आहे.

मधल्या रविवारी वेळापूरला जाऊन आईला सांगून आलो. वडील गेल्यापासून ती एकटीच चार मेंढ्या राखते. ऐकून म्हणाली, "आन् आता ह्ये सांगून कुणाचं काय भलं झालं?" मेंढ्या आत घेऊन आल्यावर ती म्हणाली, "त्याची आय असती तर तिला बरं वाटलं असतं." तुझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. ती आजारी असताना तुला कळवायचं नाही असं अप्पांनी सगळ्यांना बजावलं होतं. मी तेव्हा माळ्यावरच होतो. मीही कळवलं नाही. हे आतापर्यंतच्या कोणत्याच पत्रात लिहिलं नव्हतं, म्हणून आज लिहितो.

वेळापूरच्या लोकल बोर्डाच्या शाळेत जागा आहे. अर्जात सगळं लिहिलं आहे. घेतील की नाही सांगता येत नाही.

आता मुख्य कारण. आज दुपारी सावित्रम्मा कोंडीबाच्या खोलीवर आली. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "अप्पा बेस्तरवारी सकाळच्या गाडीनं जेऊरला निघालेत. सोमूला कळवू का म्हटलं तर नको म्हणाले. तुमाला पत्र लिवायची सवय हाय, तुमी लिवा." मी विचारलं, तू बरोबर जातेस का? ती म्हणाली, "एकटाच जाणार म्हणतात. महिनाभर दुकानात तोंड उघडलं न्हाई. काल नवं धोतर काढून ठेवलंय आन् तिकीट कुटं मिळतं ते शेजाऱ्याला विचारत हुते. जल्मात कधी रेल्वेत बसले न्हाईत."

तेव्हा गुरुवारी, ता. ८ ला, सकाळच्या पॅसेंजरनं अप्पा येत आहेत. तुझी पाळी असेल तर बदली माणूस देऊन ठेव. ते काय बोलतील हे सावित्रम्माला ठाऊक नाही, मलाही नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत. आपण येतो आहोत हे तुला आधी कळलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून सहज फलाटावर होतो असं दाखव. एवढं खोटं चालेल.

त्यांना डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. सावित्रम्मानं आज सांगितलं, ते स्वतः कुणाला सांगत नाहीत. डब्याची पायरी उंच असते आणि गाडी तिथं फार थांबत नाही. उतरताना त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहा आणि हात दे.

मायाप्पा